चौऱ्याऐंशीचा फेरा

"बारा साती चौऱ्याऐंशी," एचआरमधली मुलगी म्हणाली आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसली. पहिल्या दोन मुलांना सव्वीस आठवडे भरपगारी रजा, तिसऱ्यापासून बारा. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मी ही बातमी पेपरात वाचली होती आणि चला, बायकांचं काहीतरी बरं झालं, म्हणून पान उलटलं होतं. ओवीच्या वेळी सव्वीस मिळाले, शंभूच्या वेळीही सव्वीस मिळाले. ‘तिसऱ्यापासून’ हा शब्द आपल्यासाठी छापलाय हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ताटातून मान वर न काढता म्हणाल्या, "म्हंजे चौऱ्याऐंशीचा फेराच की गं. भोगल्याबिगर सुटका न्हाई."

तिसरं ठरवलेलं नव्हतं. हे सगळ्यांना सांगून झालंय, तेव्हा इथंही सांगून टाकते. एक मुलगी आहे, एक मुलगा आहे, मग आता तिसरं कशाला, हा प्रश्न सातारा शहरात मला भाजीवालीपासून सोनोग्राफीच्या रांगेतल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्यांनी विचारला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी नवऱ्याला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "गावाकडं सरपंच व्हायचं राहिलं बरं का आता!" २००१ च्या सप्टेंबरनंतर दोनापेक्षा जास्त मुलं झालेल्याला आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, त्यावरचा हा विनोद. नवरा म्हणाला, "काका, मला घरातच बहुमत मिळत नाही, गावाचं काय घेऊन बसलात."

पहिली दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली होती. या वेळी आईचे गुडघे गेलेले आणि ओवी नुकतीच पहिलीत बसलेली, शाळा सुरू होऊन महिना झालेला. त्यामुळे साताऱ्यातच करायचं ठरलं. रजेचा पहिला दिवस अकरा जुलै. जाई झाली सतरा तारखेला. म्हणजे सहा दिवस आधीच खर्ची पडले. अठ्ठ्याहत्तर उरले.

कामाची वाटणी आम्ही आधीच करून ठेवली होती आणि त्याचा मला फार अभिमान होता. स्वयंपाक आणि बाळाची आंघोळ सासूबाईंकडे. त्यांच्या मदतीला सकाळी एक तास न्हाऊ घालणाऱ्या मावशी. ओवीचा डबा, तिला शाळेत सोडणं-आणणं आणि शंभूला झोपवणं नवऱ्याकडे. खासगी नोकरीत बापाला रजा देणारा कायदा नाही, म्हणून त्यानं साठवलेल्या रजेतले दहा दिवस काढले. बाळ आणि बाळाचं पिणं माझ्याकडे. तीन माणसं, तीन रकाने. कागद फ्रिजवर लावला. त्या कागदावर ओवीचा डबा होता, ओवीची शाळा होती. ओवी नव्हती. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

दवाखान्यातलं फार सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या वेळी अंगाला सवय असते म्हणतात, पण ती नसते एवढंच सांगते. जाईचं वजन दोन किलो सातशे. तिसऱ्या दिवशी अंग पिवळं दिसायला लागलं, कावीळ निघाली, आणि आम्हाला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. निळ्या दिव्याखाली फक्त लंगोट बांधलेलं पोर, डोळ्यांवर पांढरी पट्टी. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगून जायची, कोवळं ऊन दाखवा. आषाढात साताऱ्यात ऊन! खिडकीतून अजिंक्यतारासुद्धा आठ दिवस दिसला नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं, ऊन असतं तरी एवढ्या काविळीला ते पुरलं नसतं, हा दिवाच लागतो.

व्हिडिओ कॉलवर शंभूनं फोन नाकाला लावून बहिणीकडे पाहिलं आणि विचारलं, "ती आंधळी कोशिंबीर खेळतीय?"

पेढ्यांवरून थोडं झालं. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, असा आपल्याकडे रिवाज. मी म्हटलं, आपण साताऱ्याची माणसं, आपल्याकडे कंदी पेढा असताना बर्फी कशाला? सासूबाईंनी फारसा वाद घातला नाही. दोन किलो कंदी पेढे आले. त्यातला एक पुढे आम्हाला चांगलाच महागात पडणार होता.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी ठरवून जाईला नवऱ्याच्या हातात दिलं होतं आणि रिकाम्या हातांनी आत शिरले. थोरल्या भावंडांना आईचे हात मोकळे दिसावेत, असं कुठेतरी वाचलं होतं. ओवी धावत आली. शंभू आला नाही. तो कपाटाशेजारच्या सांदीत उभा राहून माझ्याकडे बघत होता, ओळख नसल्यासारखा. पाच दिवस मी त्याच्याशिवाय कधी राहिले नव्हते. मी खाली बसून हात पुढे केले. तो आला, माझं पोट चाचपलं आणि म्हणाला, "रिकामं झालं?" मग बाळाकडे बोट केलं. "ते परत कधी द्यायचंय?"

पाऊस थांबायचं नाव नव्हतं. रात्री डायपर आणि दिवसा लंगोट असं ठरवलं होतं, पण लंगोट वाळतात कुठे! घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर, दाराच्या कडीवर, शंभूच्या तीनचाकी सायकलच्या हँडलवर लंगोट. त्यांना तो पावसाळी कुबट वास. सासूबाईंनी मागच्या गॅलरीत शेगडी पेटवून वर वेताची दुरडी पालथी घातली आणि तीवर दुपटी पसरली. शेगडी पेटलीच आहे तर ओवा-शेपा टाकून धुरी देऊ, असं त्यांच्या मनात होतं. डॉक्टरांनी बाळाजवळ धूर नको म्हणून बजावलेलं. गॅलरी आणि खोली यांच्यातलं दार आम्ही दोघींनी एका दिवसात किती वेळा उघडलं आणि लावलं असेल, याचा हिशोब नाही. शेवटी धूर बाहेर आणि बाळ आत, यावर तह झाला.

खरी लढाई गुटीची होती. सासूबाईंनी सातव्या महिन्यापासूनच गुटीचं साहित्य आणून डब्यात भरून ठेवलं होतं. हळकुंड, वेखंड, मायफळ, जायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, सुंठ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, खारीक, बदाम. सहाण घासून घासून मध्ये खोलगट झालेली, त्यांच्या सासूबाईंची. आणि आमचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. ओवीच्या वेळी मी माहेरी होते म्हणून टळलं, शंभूच्या वेळीही टळलं. आता त्या माझ्या समोर पाटावर बसून म्हणत होत्या, "माझी दोन्ही पोरं याच्यावर वाढली. माझा मुलगा काय मेला का?" मुलगा तिथंच कांदा चिरत होता. तो म्हणाला, "नाही, जिवंत आहे."

त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत होईना आणि हो म्हणायची तयारी नव्हती. वाट काढली ती शंभूनं. तो सहाणेसमोर येऊन मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मला दे. मी बाळ आहे."

त्या दिवसांत तो खरंच बाळ झाला होता. सहा महिने कोरडी असलेली गादी पुन्हा रोज ओली. नीट ‘पाणी’ म्हणणारा मुलगा ‘मम’ म्हणायला लागला. एकदा जाई पीत असताना शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, मला पण प्यायचंय. माझ्या डोक्यात क्षणभर सगळ्या बायकांचे सगळे सल्ले फिरले. मग म्हटलं, ये. त्यानं तोंड लावलं, पण प्यायचं कसं ते विसरला होता. दोन क्षण तसाच थांबला, मग बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बोर्नव्हिटा बरा." तो विषय तिथंच संपला. मी नाही म्हटलं असतं तर महिनाभर चालला असता, अशी माझी खात्री आहे.

तर गुटी. सासूबाईंनी एकेका मुळीचे दोन-दोन वेढे उगाळले, दुधात कालवलं आणि चांदीच्या बोंडल्यातून शंभूच्या तोंडात घातलं. त्याचं तोंड वेखंडानं असं काही वाकडं झालं की ओवी हसून लोळायला लागली. मला वाटलं, झालं, उद्या येणार नाही. दुसऱ्या दिवशी मावशी जाईला पायांवर घेऊन तेल लावत होत्या तेव्हा हा उघडाबंब होऊन रांगेत उभा. त्याचंही मालीश झालं. मावशींनी महिन्याला शंभर रुपये जादा घेतले आणि रास्त घेतले, कारण तीन वर्षांचं घोडं पायांवर आडवं घेणं सोपं नाही. मग त्याची टाळू भरली, मग गुटी, मग कुंची. कुंची बसेना तर सासूबाईंचा स्कार्फ. सासूबाईंना हातानं उगाळलेली गुटी कुणाच्या तरी पोटात गेल्याचं समाधान मिळालं, जाईच्या पोटात फक्त दूध गेलं, आणि शंभू दिवसातला एक तास अधिकृतपणे बाळ असायचा. डॉक्टरांना मी विचारलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, त्याला द्या, थोडी द्या.

आता पेढा.

नववा दिवस. नवरा ओवीला आणायला गेलेला, सासूबाई देवळात. जाई झोपलेली, शंभू तिच्याजवळ बसून गाडी खेळत होता. मी म्हटलं, पाच मिनिटांत आंघोळ उरकते. दार उघडंच ठेवलं होतं. पाणी अंगावर घेतलं आणि लक्षात आलं, गाडीचा आवाज बंद झालाय. ज्यांच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे त्यांना शांततेचा अर्थ सांगायला नको. तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर आले. शंभू बाळाशेजारी गुडघ्यांवर बसला होता, तोंड जवळ नेऊन. जाईच्या वरच्या ओठापासून हनुवटीपर्यंत तपकिरी रवाळ काहीतरी फासलेलं. खालच्या ओठावर हरभऱ्याएवढा गोळा. आणि ती जीभ बाहेर काढून तो चाटत होती.

माझे हात ओले होते. तो गोळा मी दोन बोटांनी उचलला, तो हातातच विरघळला. तिला कुशीवर वळवलं, तोंडात डोकावून दिसेल तेवढं पाहिलं, बोट आत घातलं नाही, कारण बोटानं वस्तू आणखी आत ढकलली जाते हे ओवीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं. श्वास नीट होता. रंग नीट होता. ती रडायला लागली ती मी पेढा काढून घेतला म्हणून, हे आता कळतं. त्या वेळी मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडत होते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, खोकते का, ओठ निळे आहेत का, रडण्याचा आवाज खणखणीत आहे का. मग म्हणाले, अंगावर घ्या आणि दोन तास लक्ष ठेवा, श्वासाला काही वाटलं तर फोन न करता सरळ निघून या.

शंभू भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला ओरडलेही नव्हते, पण माझं रडणं बघून त्याचा खालचा ओठ बाहेर आला. "ती भुकेली होती," तो म्हणाला. "तू आंघोळ करत होतीस. मी माझ्यातला दिला."

माझ्यातला दिला. डब्यात अजून अर्धा किलो होते, पण त्यानं स्वतःच्या तोंडातला काढून दिला होता.

सासूबाई देवळातून आल्या, सगळं ऐकलं, आधी बाळाची आणि मग शंभूची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि कढईकडे जाता जाता म्हणाल्या, "झालं! उष्टावण मामानं करायचं असतं. दादानं आधीच उरकलं."

बारसं श्रावणात, बाराव्या दिवशी झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्र केलं, पाठीत धपाटे खाल्ले. नाव ओवीनं सुचवलेलं. घुगऱ्या जास्त झाल्या आणि तीन दिवस उसळ म्हणून खाल्ल्या. शंभूचं म्हणणं होतं, बाळाचं नाव शंभू ठेवा, त्याला बोलता येतं.

गौरी-गणपतीच्या धामधुमीत दीड महिन्याची लस आली. जाईच्या दोन्ही मांड्यांवर सुया, तोंडात थेंब, रात्री ताप. त्याच दिवशी ओवीला दिसलं की जाईच्या डाव्या दंडावर, जन्मल्यावर बीसीजी दिली होती तिथं, पिवळसर डोक्याची पुळी आलीय. ती घाबरली. मी तिला सांगितलं, याला काही लावायचं नसतं, फोडायचं नसतं, आपोआप सुकतं आणि वण राहतो, तुलाही आहे. मग काय! ओवीनं बाही वर केली, शंभूनं सदराच काढला. माझा पाहिला, बापाचा पाहिला. सगळ्यांच्या डाव्या दंडावर तोच खळगा, कुणाचा मसुराएवढा, कुणाचा तुरीएवढा. सासूबाईंनी पदर सरकवून ब्लाउजची बाही वर ओढली, तर त्यांच्या दंडावर रुपयाएवढा, किरणं फुटल्यासारखा मोठा वण.

"हा कसला?" ओवीनं विचारलं.

"हा देवीचा."

"कुठल्या देवीचा? मांढरदेवीचा?"

सासूबाई हसल्या. मग त्यांनी गोष्ट सांगितली. देवी म्हणजे रोग, अंगभर फोड यायचे, माणसं आंधळी व्हायची, मरायची. गावात टोचणारा माणूस आला की पोरं उसात लपून बसायची. त्यांना त्यांच्या वडिलांनी पायाला धरून बाहेर ओढलं होतं. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यानंतर जन्मलेल्या आमच्यापैकी बहुतेकांच्या दंडावर तो किरणांचा वण नाही. ओवीनं आजीच्या वणावर करंगळी ठेवून बघितली, त्यात करंगळीचं टोक मावत होतं. गणपतीला आलेले पाहुणे तोवर बाहेर ताटकळले होते आणि आम्ही सहाजण आत दंड उघडे टाकून बसलो होतो.

त्या दिवशी ओवी खुशीत होती. म्हणून माझ्या काही लक्षात आलं नाही, अशी मी माझी समजूत घालते.

सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्री दोनच्या सुमाराला जाईला पाजत बसले होते. ओवीचं दप्तर पायाशी उघडं पडलेलं. झोप लागू नये म्हणून काहीतरी वाचावं म्हणून शाळेची डायरी उचलली. त्यात बाईंच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं, पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत, कृपया काळजी घ्यावी. खाली ‘पालकांची सही’ आणि रिकामी जागा. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

मोबाईलच्या उजेडात झोपलेल्या ओवीची वेणी बाजूला केली. कानांमागे केसांना लिखा चिकटलेल्या, मोती ओवल्यासारख्या. मानेवर खाजवून खाजवून ओरखडे. आणि तेव्हा मला कळलं की दोन महिन्यांत मी तिची वेणी एकदाही घातली नाही. ती स्वतःच घालत होती, साडेसहा वर्षांची मुलगी, एक शेंडी उजवीकडे, एक कानाच्या वर. आम्ही सगळे तिला म्हणत होतो, ओवी किती शहाणी झालीय बघा! कुणी आलं की तिच्यासमोरच म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. जाईला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, शंभूला नवऱ्याबरोबर केस कापायला पाठवलं आणि फणी घेऊन मागच्या गॅलरीत बसले. सासूबाई म्हणाल्या, सीताफळाच्या बिया कुटून लावू. मी नको म्हटलं, ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते. डॉक्टरांनी लोशन लिहून दिलं होतं, एकदा आज आणि पुन्हा आठ दिवसांनी, कारण पहिल्यांदा उवा मरतात पण लिखा उरतात. आणि फणीला पर्याय नाही, हेही त्यांनी सांगितलं. उवा पाडायला पांढरा कागद हवा होता. रद्दीचा पेपर काळाभोर, त्यावर ऊ दिसत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडलं. समोरच्या बाजूला माझ्याच फुल्या, रजेचा एकेक दिवस खोडलेला. ते उलटं करून पसरलं तर मागं राशिभविष्य छापलेलं, पण ठीक होतं, मध्ये मध्ये मोकळं पांढरं होतं.

ओवी माझ्याकडे पाठ करून बसली. केसांना खोबरेल लावलं, बट बट करून फणी ओढायला लागले. टप्, टप्. "पडली?" ती विचारायची. "पडली." मग ती वाकून बघायची, नखानं चिरडायची. नुकतीच जोडाक्षरं शिकली होती, म्हणून ऊ पडली की तिथलं वाचायची. "क-न्या. कन्या राशीला. प्र-वा-स... प्रवासाचे योग. आई, ही प्रवासाला चाललीय." एक सिंहेवर पडली, तिला धनलाभ होता. एक मेषेवरून चालत वृषभेकडे निघाली तिला ओवीनं मध्येच गाठली.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "एवढं खाजत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," ती म्हणाली. कागदावरून मान वर न करता. "पण तू म्हणायचीस, थांब हं, बाळ झोपू दे. मग बाळ झोपलं की तू पण झोपायचीस."

मी फणी ओढत राहिले. तिला माझं तोंड दिसत नव्हतं ते बरं होतं.

मग तिनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. शाळेत शेजारची मुलगी बाकाच्या टोकाला सरकून बसते. डब्यात बाबा रोज चपाती-जॅम देतो, तिला जॅम आवडत नाही, पण बाबा घाईत असतो म्हणून ती बोलत नाही. शंभूनं तिच्या चित्रावर शी-शू काहीतरी केलं होतं, तेही तिनंच धुतलं. यातलं काहीही तक्रारीच्या सुरात नव्हतं. बातम्या सांगाव्यात तसं. दीड तास लागला. एकूण एकतीस पडल्या, ओवीनं मोजल्या. मग तिनं माझं डोकं पाहिलं आणि मोठ्या आनंदानं जाहीर केलं की माझ्यातही दोन आहेत. नवरा इतका हसला की मी त्याच्याही केसांत फणी घातली, पण तिथं फारसं पीक नाही. जाईची काळजी मला लागली होती, पण ऊ उडत नाही की उड्या मारत नाही, बहुतेक वेळा केसाला केस लागूनच जाते. आणि जाईच्या डोक्यावर केस तरी होते कुठे!

फ्रिजवरचा कागद त्या रात्री काढला. नवा लावला नाही.

तीन ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कामावर रुजू झाले. आदल्या आठवड्यापासून दूध काढून ठेवायचा सराव चालू होता. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस, त्याच्यावर नाही, एवढा हिशोब मी ठरवून घेतला. बाटली नको होती, म्हणून शंभूचं गुटीचं बोंडलं उकळून जाईच्या कामी आलं. पहिल्या दिवशी तिनं थुंकून दिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझा घातलेला गाऊन पांघरून पाजलं तर घटाघटा प्यायली. कायद्यानं बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळतो. मी ते दोन्ही वेळ जेवणाच्या सुट्टीला जोडून घेते आणि स्कूटीवरून बारा मिनिटांत घरी येते. छाती भरून आलेली असते, खड्डा आला की जीव जातो. जेवण बहुतेक वेळा राहतं.

संध्याकाळी साडेसहाला दार उघडलं की तिघं असतात. जाई आवाज ऐकूनच रडायला लागते. शंभू बुटांसकट अंगावर चढतो. त्याची गादी आता कोरडी असते, गुटी मात्र त्यानं सोडलेली नाही. मी हात-पाय धुते, जाईला पाजते. मग ओवी फणी आणि कॅलेंडरचं पान घेऊन येते आणि पाठ करून बसते. "बघ ना, आहेत का."

उवा केव्हाच गेल्या. मी बट बट करून बघते. तिच्यामागे, नंबर लावून, चकोट केलेलं डोकं घेऊन शंभू बसलेला असतो.